खून मीच करणार

२८ मार्च, सोमवार. लातूर

सकाळच्या एस.टी.नं नांदेड सोडलं. लोहा, अहमदपूर, चाकूर. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात पाण्याचा कॅन. कंडक्टर म्हणे, "बाई, ह्याचं लगेज फाडावं लागंल." म्हटलं, "पाणी हाय बाबा, सोनं न्हाई." तर म्हणतो, "लातूरला एकच हाय ते." फाडलं नाही शेवटी. भला माणूस.

शोभा स्टँडवर आली होती. सख्खी धाकटी बहीण, पण आधी कॅनकडे बघितलं, मग माझ्याकडे. हसू आलं आणि रागही आला. शूटिंग संपेस्तोवर हिच्याकडेच राहायचंय.

शूटिंग म्हणजे टीव्हीची मालिका. खून आणि पोलीस तपास. लातूर जिल्हा नवानवा झाला तेव्हाची गोष्ट, नव्या जिल्ह्यातला पहिला खून. आडत्याच्या तरण्या पोराला कुणीतरी घरच्या अंगणात मारतं. नव्या साहेबाला बसायला खुर्ची नाही, फाईल उस्मानाबादला, मुडदा लातूरला. कथा चांगली आहे. मला पार्वतीबाई दिलीय. मेलेल्याची आई.

म्हणजे रडायचं. परत! कॉलेजपासून नाटकात आहे, शाळा सांभाळून तालमी केल्या, रिटायर झाले, तरी अजून कुणाच्या ना कुणाच्या मढ्यावर रडतेच आहे. पण टीव्ही आहे. नाही म्हणवलं नाही.

२९ मार्च

शूटिंगला मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या मागचं घर घेतलंय. मधे अंगण, अंगणात हौद. दिग्दर्शक पुण्याचा, लिहितो पण तोच. माझ्या पोरापेक्षा लहान. हुशार आहे, पण मला काकू म्हणतो. (इथून पुढे डि.)

हौद उघडाच ठेवलेला. म्हटलं, "दुष्काळातली गोष्ट ना तुमची? मग उघडा हौद कुणाच्या घरी असतो? आमच्या शोभाकडं येऊन बघा." शोभा पाण्याच्या पिंपाला कुलूप लावते आणि किल्ली कमरेला. रात्री झोपताना पण. डि.ला पटलं. झाकणाला कडी-कुलूप बसवून घेतलं. मी शोभाची एक जुनी किल्ली मागून आणली होती, ती छल्ल्याला अडकवून कमरेला लावली. पार्वतीबाईच्या घरचं पाणी पार्वतीबाईच्या कमरेला. मला एकदम ती बाई सापडल्यासारखं वाटलं.

मग मढ्यावर पडून रडले. एका टेकमध्ये ओके. वसंतराव म्हणाले, "लातूरला रेल्वेनं पाणी आणायचं म्हणतेत. कामून? कमलबाईला उभं करा की चौकात." सगळे हसले.

वसंतराव आमच्याच नांदेडच्या ग्रुपचे. इथं मेलेल्याचा चुलता. खुनी तेच. ही गोष्ट फक्त त्यांना आणि डि.ला माहीत असावी असं ठरलंय, आणि त्यांनी ती चहावाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितलीय. पूर्ण नाव लिहायला शाई वाया घालवणार नाही. व.रा.

३ एप्रिल

पहिला भाग लागला. आठवड्याला एक. इकडं शूटिंग, तिकडं टीव्हीवर. शेवटचे भाग अजून लिहूनच व्हायचेत.

शोभाच्या घरात गल्ली जमली. समोरची अक्का पुढंच बसली. लिंगायत आहे ती. पार्वतीबाईचं कपाळाचं भस्म तिनंच शिकवलं मला, तीन बोटं कशी ओढायची ते. माझं रडणं आलं तशी म्हणाली, "चांगलं रडलीस गं. पण भस्म वाकडं लावलंस."

ह्यांचा नांदेडहून फोन. "बघितलं. छान. पण तसंच रडलीस, त्या मागच्या नाटकातल्यासारखं." मला तेच तर खटकलंय. माझा नवरा कधीमधीच खरं बोलतो, आणि नेमकं बोलतो.

८ एप्रिल, पाडवा

शूटिंग चालूच. आज सुनेचा सीन. ईशा, मुंबईची पोरगी. नवरा तिला मारायचा, हाताला डाग दिलेला, म्हणून पोलिसांचा पहिला संशय तिच्यावर. ईशा छान करते. सीन संपला तरी हातावरचा खोटा डाग झाकून बसली होती. मी बाजूला माजघराच्या दारात उभी. मला वाक्य नाही. पदर तोंडाला लावून उभं राहायचं, बस्स.

व.रा. पहिलीतल्या पोराला सांगितल्यासारखं मला सांगत होते, खुनी माणूस चालतो कसा, बघतो कसा. म्हणे, "खुन्याचं काम म्हणजे नटाची परीक्षा. आईचं काय, आई काय कुणी पण करतं."

बोलायला पाहिजे होतं. घरी येऊन भांडी आपटली. ती शोभाची होती, म्हणून तिची बोलणी खाल्ली.

१४ एप्रिल

शूटिंगला सुट्टी. पांढरी साडी, शोभाबरोबर विहारात, संध्याकाळी मिरवणूक. गल्लीतल्या पोरी निळे फेटे बांधून लेझीम खेळत होत्या. रस्त्यात दोन बायांनी ओळखलं. "तुम्ही त्या रडणाऱ्या ना?"

हाव. मीच ती.

१७ एप्रिल, रविवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते. भांडण झालंय, डोकं गरम आहे, तरी लिहिते.

सकाळी मढ्याचा सीन परत घेतला, पुढच्या भागात आठवण म्हणून दाखवायला. पोराचं डोकं मांडीवर, साडीभर लाल रंग. ती साडी उद्या कोरी लागणार, दुसरी नाही, आणि सेटवर धुवायला पाणी नाही. म्हटलं, मी नेते.

शोभा उदगीरला लग्नाला गेलेली. किल्ली माझ्याकडं देऊन. "प्यायला आणि लागंल तेवढंच काढ," असं दारातून, मग फाटकातून, मग रिक्षातून पण सांगून गेली. मी एक बादली काढली. रंग निघेना. दुसरी काढली. तरी निघेना. मग काय, ओतत गेले.

मोरीतून लालभडक पाणी बाहेर गटारीत. आता कुणी बघितलं तर काय म्हणतील, ह्या बाईनं कुणाला मारलं, म्हणून मी घाबरून दारात आले. आणि अक्का पळत येऊन राहिली! हातात घागर. मागं आणखी चार-पाच बाया, घागरी, हंडे, एकीच्या हातात तर कुकरचं भांडं.

"काय गं कमल, टँकर आला का? मोरीतनं पाणी चाललंय!"

म्हटलं, "अक्का, टँकर न्हाई हो. हे रगताचं, म्हणजे रंगाचं..."

"असू दे गं रगत. पाणी कुठनं आलं ते सांग."

गटारीत रगत वाहत होतं, आणि एकीनं पण रगत बघितलं नाही. सगळ्यांनी पाणी बघितलं.

तेवढ्यात शोभा उतरली रिक्षातून. दारात गल्ली, गटारीत तिचं पाणी. जे बोलली ते इथं लिहीत नाही. शेवटचं लिहिते. "तुला रडायला स्वतःचं पाणी आन् धुवायला माझं व्हय?" किल्ली माझ्या हातातून ओढून घेतली, आत गेली, दार लावून घेतलं. मी पण इकडं खोलीत. दोघींनी जेवण नाही केलं.

पण डोक्यात एकच घुमतंय. पहिल्या भागापासून दाखवलंय: खून झालेलं अंगण सकाळी धुतलेलं सापडतं. पुरावा नसावा म्हणून डि.नं तसं लिहिलं. सगळं अंगण धुतलं? दुष्काळात? पाणी कुठून आणलं रे बाबा?

हौदाला कुलूप. किल्ली कुणाच्या कमरेला?

अगं माय.

१८ एप्रिल

नऊ वाजता डि.ला गाठलं. चहा पण पिऊ दिला नाही. सगळं सांगितलं. गल्ली, घागरी, मोरी. मग म्हटलं, "तुमचा चुलता दुसऱ्या घरी राहतो. तो अंगण धुवायला पाणी काय खिशात घेऊन आला? सुनेला तर तांब्याभर पाणी पण सासूला मागावं लागतं. मग धुतलं कुणी?"

"किल्ली चोरता येते ना, काकू."

"कमरेची?"

मग लॅपटॉप उघडून आतापर्यंतचे सीन बघत बसला. पहिला भाग, किल्ली दिसते. दुसरा, दिसते. मढ्यावर पडून रडते तेव्हा तर पडद्याच्या मधोमध लोंबकळतेय. मी त्याच्या मागं उभी राहून बघत होते. खोटं कशाला सांगू, आतून नाचत होते.

पण मग लॅपटॉप मिटला. म्हणाला, "सगळं बरोबर आहे. पण आईनं पोराला मारलं, हे कुणी मानणार नाही. आई का मारेल?"

गडी बरोबर बोलला होता. उद्यापर्यंत वेळ दिलाय. उत्तर नाही सापडलं तर व.रा. खुनी, आणि मी रडणारी. ह्या जन्मी तरी सुटका नाही.

१९ एप्रिल

सापडलं.

दुपारी ईशाचा कोर्टातला सीन होता. तिला हातकड्या, आणि मी कोपऱ्यात पदर तोंडाला लावून. आणि मला कळलं की ही बाई तोंडाला पदर लावून कामून उभी आहे. रडू येतंय म्हणून नाही. बोलायचं थांबवलंय म्हणून. पोरगा सुनेला मारायचा तेव्हा ही त्याच घरात होती की! तेव्हा पण पदर तोंडालाच होता.

डि.ला म्हटलं, "आई का मारेल हे विचारू नका. रोज आतल्या खोलीतून ऐकत बसलेली बाई एक दिवस उठून बाहेर का येईल, ते विचारा."

त्यानं लॅपटॉप उघडला. मग म्हणाला, "तुम्ही बोलून दाखवा. मी लिहितो." पहिल्यांदा काकू म्हणाला नाही.

पण चॅनेलवाल्यांनी हो म्हणायला पाहिजे. मुंबईला पाठवायला सीन करून दाखवायचा, मग ते ठरवणार.

२१ एप्रिल

व.रा.ना कळलं. सेटवर तमाशा. "मला शब्द दिला होता! ही काय खून करणार? हिच्यानं कोंबडी पण मरत नाही!" म्हटलं, "कोंबडीनं माझं काय वाकडं केलं?" लाईटवाले पोट धरून हसले. व.रा. मेकअप तसाच ठेवून रिक्षात बसून गेले. अर्ध्या तासानं परत आले, चष्मा राहिला होता.

खरं सांगायचं तर थोडं वाईट वाटलं. नट म्हणून त्यांचं दुःख मला कळतं. हातात आलेलं काम जाणं म्हणजे काय, ते माझ्याइतकं कुणाला माहीत असणार. पण थोडंच वाटलं.

शोभा अजून धड बोलत नाही. पाणी मोजून देते. सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक. डोकं धुऊन किती दिवस झाले ते विचारू नका.

ह्यांना फोन केला. म्हटलं, "मी बहुतेक खून करणार." हे म्हणाले, "मी नांदेडलाच राहू का मग काही दिवस?"

२५ एप्रिल

सीन केला.

अंगणात फक्त मी आणि पोलीस साहेब झालेला समीर. तो मुंबईचा मोठा नट, पण बाजूला बसून वाक्यांना साथ देत होता, चांगला मुलगा. त्याचं एकच वाक्य: "पार्वतीबाई, हौदाची किल्ली कुणाकडं असते?"

मला माहीत होतं, इथं रडू येणार. सवय आहे. डोळे आपोआप भरतात, नळाला येत नाही तेवढं येतं. म्हटलं, कमल, आज नाही. आज एक थेंब जरी आला तरी तू परत तीच.

किल्ली काढून हातात घेतली आणि बोलले. सगळं लिहीत नाही, हे एवढं माझं स्वतःचं होतं म्हणून लिहिते:

"पैल्यांदा मारलं तवा मी दार लोटून घेतलं साहेब. दुसऱ्यांदा मारलं तवा मी भाकरी थापत हुते, थापतच ऱ्हायले. त्या दिशी तिनं हाक मारली. नवऱ्याला न्हाई, देवाला न्हाई. मला. आत्या म्हणून. मग वरवंटा हाती आला. पोरगं माझं हुतं, रगत बी माझंच. म्हणून मीच धुतलं. तेवढं पाणी मी कुणाला दिलं नसतं."

एक थेंब आला नाही. एक!

डि. कट म्हणायला विसरला. कॅमेरा तसाच चालू. मी किल्ली हातात धरून उभी, आणि तिकडं ईशा रडत होती, मेकअपवाली रडत होती, लाईटवाला नाक शिंकरत होता. सगळा सेट रडला, मी सोडून. आयुष्यात पहिल्यांदा!

घरी चालत आले. रिक्षा करावीशी वाटली नाही. ऊन काय मरणाचं होतं, पण मला लागलंच नाही.

२९ एप्रिल

चॅनेलचा फोन नाही. भात करपवला.

व.रा. सेटवर येतात, काम करून जातात. माझ्याशी बोलत नाहीत. आज मात्र चहा पिताना मागून म्हणाले, "सीन दाखवला मला त्यानं." मी वाट बघितली. कप ठेवून गेले.

२ मे, सोमवार

झालं! चॅनेलचा हो आला. खुनी मीच!

डि. अंगणातून ओरडतच आला. मी हौदाच्या झाकणावर बसले होते, तिथूनच उडी मारली, वयाचा विचार न करता. गुडघा दुखतोय. दुखू दे.

संध्याकाळी फोनवर फोन. नांदेडच्या ग्रुपच्या बायकांनी स्पीकरवर टाळ्या वाजवल्या. पण सांगायचं कुणालाच नाही अशी ताकीद. मी फक्त सात-आठ जणांनाच सांगितलं.

६ मे

अक्कानं आज टीव्हीत काम केलं! शेजारीण म्हणून. डि.लाच सुचलं, "ज्यांनी खरंच घागर घेऊन धाव घेतली, त्यांनाच आणा." अक्का नवं लुगडं नेसून आली. साहेब विचारतो, त्या दिवशी काय बघितलं? अक्कानं सांगायचं, ह्यांच्या मोरीतून पाणी वाहत होतं. तिथूनच तपास फिरतो.

अक्का दर टेकला वेगळंच सांगायची. एकदा तर कॅमेऱ्यात बघून म्हणाली, "आन् आमच्या गल्लीत अजून बी पाणी आलेलं न्हाई, तेवढं वर सांगा." डि. म्हणाला, हे पण ठेवणार.

१० मे

हे लिहिताना हसू आवरत नाही.

शेवटच्या भागात चुलता रडतो. पार्वतीबाईनं कबूल केल्यावर चुलता अंगणात बसून हमसून हमसून रडतो, असं डि.नं लिहिलंय. व.रा.! त्यांना रडू येईना. एक टेक, दोन टेक, मग ग्लिसरीन मागवलं, तरी नुसते डोळे लाल. शेवटी कॅमेऱ्यामागून माझ्याजवळ आले. हळू आवाजात म्हणे, "कमलबाई, तुम्ही कसं आणता हो?"

मला वाटलं होतं, असा दिवस आला तर टोमणा मारीन. तयार पण ठेवला होता, आई काय कुणी पण करतं, म्हणून. पण विचारताना त्यांचा चेहरा अगदी पडलेला. म्हटलं, "पोटातून श्वास सोडायचा आणि ज्याच्याशी शेवटचं बोलणं राहून गेलं, त्याचा आवाज आठवायचा." गेले, बसले. मस्त रडले. ओके झाल्यावर बराच वेळ थांबतच नव्हते.

टोमणा मग जाताना मारला. उगाच वाया कशाला घालवायचा.

१२ मे

शूटिंग संपलं. शेवटचा भाग गल्लीसोबतच बघायचा, म्हणून तोवर शोभाकडंच राहणार. शेवटचा सीन दोनदा घेतला. एकात साहेब पार्वतीबाईला घेऊन जातो. दुसऱ्यात तो किल्ली तिच्या हातात परत देतो आणि फाटकातून बाहेर पडतो, बस्स. कोणता लावणार ते ठरलेलं नाही. समीर म्हणतो, घेऊन जायलाच पाहिजे, कायदा आहे. ईशा म्हणते, घेऊन गेला तर मी परत कधी टीव्ही बघणार नाही.

मला विचारलं. मी म्हटलं, पार्वतीबाईला विचारा. मला खरंच माहीत नाही.

निघताना डि. वाकून पाया पडला. "पुढच्या कामाला येणार ना, कमलताई?" म्हटलं, "रडायचं नसेल तर."

२२ मे, रविवार

अक्काच्या घागरीचा भाग लागला. साहेब हौदाच्या कुलपाकडं बघतो, मग सावकाश माझ्या कमरेकडं, आणि भाग संपला! गल्लीत एकदम आरडाओरडा. अक्का स्वतःचं काम विसरून माझ्याकडं बोट दाखवून, "ही! ही हाय! मी म्हणलं हुतं!" कधी म्हणली होती कुणास ठाऊक.

ह्यांनी पण बघितलं. फोनवर म्हणाले, "कमल, ह्या खेपेला तशी नव्हतीस." बस्स, एवढंच बोलले. मला खूप झालं.

२९ मे, रविवार

आज शेवटचा भाग, रात्री आठला.

सकाळपासून कुणाला काम सुचेना. भाजीवालीनं कोथिंबीर देताना हात मागं घेतला, म्हणे, "बाई, तुमच्याकडं बघून भ्या वाटलालंय." काय बरं वाटलं! दूधवाला विचारतो, सोडतील का तुम्हाला? पलीकडच्या घरात सासू-सुनेचं भांडण: सासू म्हणते जेल झाली पाहिजे, सून म्हणते पाहिजेच नाही. गेला महिनाभर त्या घरात रोज ताटं आपटायचा आवाज यायचा. आज दोघींचा आवाज बाहेर, आणि ती सून दारात येऊन बोलत होती.

व.रा. नांदेडहून मुद्दाम आले. पेढे घेऊन. ह्यांना पण बरोबर आणलं. दोघं बाहेर बाजेवर बसून शेवट कोणता लागणार ह्यावर वाद घालून राहिले. चॅनेलवाले सांगत नाहीत. डि. फोन उचलत नाही.

शोभा सकाळपासून आत-बाहेर. त्या दिवसापासून पिंपाची किल्ली तिनं मला एकदा पण दिली नव्हती. आपणच काढायची, आपणच ओतायची. आता पाच वाजता खोलीत आली. दारात उभी. मग कमरेची किल्ली काढून माझ्या मांडीवर टाकली.

"जा, डोकं धू. सगळी गल्ली बघायला येणार हाय. अशी मळकी बसू नको."

म्हटलं, "किती काढू?"

म्हणाली, "लागंल तेवढं काढ. मी बघत न्हाई."

आणि खरंच तोंड फिरवून उभी राहिली. एवढा मोठा सीन केला, एक थेंब आला नव्हता. आता मात्र भरून आलं. येऊ दिलं. शोभाला दिसू नये म्हणून पदर तोंडाला लावणार होते, लावला नाही.

पाणी गार आहे अजून. धुऊन येते. आठला वेळ आहे.